बसऱ्यातली मशीद कुणी बांधली

"कोण विजदान?" हाझिमनं विचारलं.

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. टेबलावर नकाशांचा नवा संच पसरला होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर सळईचे तुकडे ठेवले होते. प्रत्येक नकाशाच्या खाली उजवीकडे आर्किटेक्टचं नाव असतं. जुन्या संचात तिथं विजदानची तिरपी, घाईची सही असायची. या संचात हाझिमचं नाव होतं. बाकी रेघ न् रेघ तीच होती.

"मॅडम विजदान," मी म्हणालो. "आर्किटेक्ट. मागच्या महिन्यात त्या इथंच बसल्या होत्या. कमानींचा जोड कसा घ्यायचा ते त्या शनिवारी येऊन सांगणार होत्या."

"या कामावर त्या नावाचं कुणी नव्हतं," हाझिम म्हणाला. "आराखडा माझा आहे. जोडाबद्दल काय विचारायचंय ते मला विचारा."

तो चिडला नव्हता. त्यानं नजरही चुकवली नाही. उलट शेजारची खुर्ची पुढं ओढून बसला आणि जोड कसा घ्यायचा ते मला नीट समजावून सांगितलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी मान डोलवत होतो आणि माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं.

ही ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी घडलेली गोष्ट. मी मिरजेचा. मुंबईतल्या एका कंपनीला इराकमध्ये बसरा शहराच्या कडेला वसाहत बांधायचं काम मिळालं होतं. घरं, शाळा, दवाखाना आणि मधोमध एक मशीद. इराक-इराण युद्ध सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. तिथली तरणी माणसं आघाडीवर होती, म्हणून कामाला माणसं बाहेरून आणली जात. नदी ओलांडून थोडं पुढं गेलं की इराणची हद्द. तोफांचा आवाज आम्हाला सवयीचा झाला होता. लांब कुठं तरी कुणी जड कपाट सरकवतंय असं वाटायचं.

मशिदीचं काम माझ्याकडं होतं. माझं नाव माधव हेर्लेकर, पण अरबी जिभेला ते जमत नसे. पहिल्याच दिवशी विजदाननं 'माधव'चं 'महदी' करून टाकलं आणि मग सगळ्यांनी तेच उचललं.

ती पस्तिशीची असेल. केस आखूड, पायात पुरुषांसारखे जाड बूट. इंग्लंडात शिकलेली, पण बसऱ्यातच जन्मलेली. तिच्या मशिदीला घुमट नव्हता. मला ते चमत्कारिक वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा तिनं मला शहराच्या उत्तरेकडच्या दलदलीत राहणाऱ्या लोकांबद्दल सांगितलं. तिथं बोरूच्या जाडजूड मोळ्या बांधून, वाकवून कमानी करतात आणि त्यावर पाहुण्यांसाठी मोठी घरं उभारतात. हजारो वर्षं तशीच. तिला तशा कमानी काँक्रीटमध्ये हव्या होत्या. एकामागे एक, आणि दोन कमानींच्या मधे काचेची पट्टी. दुपारी नमाज पढणाऱ्यांच्या प्रत्येक रांगेवर उजेडाची एक रांग पडावी, असं तिच्या मनात होतं.

कामाच्या बाबतीत ती कडक होती. एकदा तिनं माझं काँक्रीटचं मिश्रण हातात घेऊन बोटांवर चोळून पाहिलं आणि सगळं फेकून द्यायला लावलं. मला राग आला. मग तिनंच चहा मागवला आणि मिरजेत नदी आहे का, ती किती रुंद आहे, असं काही तरी विचारत बसली. शेवटच्या दिवशीही विशेष काही घडलं नाही. शनिवारी येते म्हणाली आणि गेली.

हाझिम सरकारी बांधकाम खात्याचा इंजिनिअर. आठवड्यातून एकदा येऊन पाहणी करायचा. उंच, कमी बोलणारा. विजदान आणि तो नेहमी अरबीत बोलायचे, बहुतेक वेळा वाद घालायचे. त्या दोघांमध्ये कामापलीकडं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी इकडंतिकडं विचारून पाहिलं. तिला गाडीतून आणणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो काच पुसायला लागला. शहरातल्या कचेरीत गेलो. तिच्या टेबलाशी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी चहा पाजला, हिंदी सिनेमातल्या नट्यांची चौकशी केली आणि विजदान हे नाव ऐकल्यावर हसून मान हलवली, जणू मी परक्या भाषेतला एखादा शब्द चुकीचा उच्चारला होता. काही दिवसांनी मला स्वतःचीच शंका यायला लागली. मग मी जुना गमबूट बघत असे. त्यावर तिनं फेकायला लावलेल्या काँक्रीटचे शिंतोडे अजून होते.

शेवटी मी याकूबभाईंकडं गेलो. याकूब साखरकर आमचे स्टोअरकीपर, राजापूरचे. आखातात बरीच वर्षं काढलेली, त्यामुळं अरबी पाण्यासारखी बोलत. साइटवर मराठीत बोलायला मला तेवढंच एक माणूस होतं.

"याकूबभाई, मॅडम कुठं गेल्या?"

ते सिमेंटच्या थप्पीवर ताडपत्री ओढत होते. त्यांनी ती पूर्ण ओढली, दोरी बांधली आणि मग म्हणाले, "साहेब, तुम्ही इथं मशीद बांधायला आलात. ती बांधा."

एवढ्यावर मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला. बाईंना कुठल्या तरी कारणानं काढून टाकलंय आणि या माणसानं त्यांचं काम स्वतःच्या नावावर करून घेतलंय. तसं ठरवल्यावर मला बरं वाटलं. हाझिमशी मी तुसडेपणानं वागायला लागलो.

पण ते फार दिवस टिकलं नाही, कारण हाझिमचं वागणं चोरासारखं नव्हतं. तो आता रोज यायला लागला. नकाशात आहे त्यात सुताचाही फरक चालेना. तिसरी कमान ओतली तेव्हा फळ्या थोड्या फुगल्या आणि एका बाजूची गोलाई किंचित बिघडली. खालून कुणाच्याही लक्षात आलं नसतं. हाझिम परांचीवर चढला, कमानीवरून हात फिरवला आणि ती फोडायला सांगितली. कामगार माझ्याकडं बघायला लागले. मला राहवलं नाही.

"ज्यांनी हा नकाशा काढलाय," मी म्हणालो, "त्यांनीसुद्धा एवढं चालवून घेतलं असतं."

हाझिम वरूनच म्हणाला, "नाही. चालवून घेतलं नसतं."

मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. तो सावकाश खाली उतरला आणि मागं न बघता गाडीत जाऊन बसला. कमान आम्ही फोडली. मी फुटक्या काँक्रीटकडं बघत उभा राहिलो. चोरलेल्या वस्तूची एवढी काळजी कोण घेतं, ते मला कळेना.

त्यानंतर राजधानीहून एक मोठा अधिकारी पाहणीला आला. त्याच्याबरोबर बंदूकवाले होते. त्यानं मशिदीभोवती एक फेरी मारली आणि घुमट कुठंय म्हणून विचारलं, एवढं मला हातवाऱ्यांवरून समजलं. हाझिम बोलायला लागला. कमी बोलणारा तो माणूस त्या दिवशी किती तरी वेळ बोलत होता. आधी त्याचा आवाज कापत होता, मग स्थिर झाला. कमानींकडं हात करून तो छातीवर हात ठेवत होता, म्हणजे हे माझं, माझं, असं सांगत असावा. अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हसला, त्यानं हाझिमच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली आणि पाठीवर थाप मारली. हाझिमही हसला. त्याचं ते हसणं बघून मला मान वळवावीशी वाटली.

याकूबभाई माझ्याशेजारी उभे होते. काय झालं, मी विचारलं.

"घुमट नको म्हणाले. असंच होऊ द्या म्हणाले. आणि हाझिमसाहेबांचं अभिनंदन केलं. घरच्या बाबतीत त्यांनी योग्य निर्णय घेतला म्हणून."

"कसला निर्णय?"

"तेवढं मला नीट ऐकू आलं नाही, साहेब."

याकूबभाईंना नीट ऐकू येत होतं. दुसऱ्या टोकाला कुणी सिमेंटची गोणी टाकली तरी त्यांना आवाजावरून कळायचं.

मग जुलै आला आणि युद्ध एकदम दाराशी आलं. इराणी फौजा हद्दीपर्यंत येऊन ठेपल्या आणि शहरावर तोफगोळे पडायला लागले. एक आमच्या वसाहतीतल्या अर्धवट शाळेवर पडला. कंपनीनं काम थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. आजूबाजूच्या वस्तीतली बायामाणसं तोफा सुरू झाल्या की मशिदीच्या कमानींखाली येऊन बसायची, कारण त्या भागात तेवढंच एक भक्कम छप्पर होतं. हाझिमही तिथं येऊन बसायचा. त्याला त्याची कचेरी जवळ होती, तळघरही होतं. तो इथं का येतो, याचा मी विचार करत असे आणि सोडून देत असे.

शेवटच्या कमानीच्या फळ्या उतरवल्या त्या आठवड्यात एका शुक्रवारी त्यानं मला आणि याकूबभाईंना घरी जेवायला बोलावलं. कालव्याकाठचं जुनं घर, मागं खजुरीची झाडं. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, एवढीच माणसं होती. हनुवटीवर हिरवं गोंदण असलेली ती म्हातारी अंगणात जाळाशी बसून मासा भाजत होती. बसण्याच्या खोलीत खिडकीशी चित्र काढायचं तिरपं टेबल होतं. आम्हा इंजिनिअर लोकांची नजर अशा गोष्टींकडं जातेच. टेबल फार खाली बसवलं होतं. हाझिमसारख्या उंच माणसाला त्यावर वाकून तासभरही काम करता आलं नसतं.

म्हातारीनं मासा आणून आमच्या पुढ्यात ठेवला. महदी हे नाव तिनं ऐकलं होतं, त्यामुळं मला अरबी येतं असं तिला वाटलं असावं. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि बोलायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र अगदी साधा होता, दळणाबिळणाबद्दल बोलावं तसा. मला त्यातला एकच शब्द कळला. तो तिनं दोनदा उच्चारला. विजदान.

हाझिम काही तरी म्हणाला. म्हातारीनं अंगावरच्या काळ्या वस्त्राचा काठ तोंडावर धरला आणि उठून आत गेली.

"आईचं वय झालंय," तो मला म्हणाला. "नावांची गल्लत होते तिची."

मी मासा खाल्ला. तो चवीला कसा होता ते मला सांगता येणार नाही.

परत येताना याकूबभाई आणि मी कालव्याच्या कडेनं चालत होतो. पुढं-मागं कुणी नव्हतं. असतं तरी मराठी कुणाला कळणार होतं? मग त्यांनी एकदम सांगून टाकलं.

विजदान हाझिमची बायको होती. तिच्या आजोबांनी तुर्कांच्या राजवटीत, फौजेतली सक्तीची भरती चुकवायला, आपण इराणी प्रजा आहोत असे कागद करून घेतले होते. तेव्हा बऱ्याच जणांनी तसं केलं होतं. राज्य बदललं, कागद राहिले. आता इराणशी युद्ध जुंपल्यावर सरकार अशी घराणी शोधून काढत होतं. विजदानला माहेरच्या माणसांसकट ट्रकमध्ये घालून हद्दीवर नेलं आणि चालत पलीकडं जायला सांगितलं. ती जन्मली बसऱ्यात, वाढली बसऱ्यात. तिला इराणी भाषेतलं अक्षर येत नव्हतं.

"आणि हाझिमला राहू दिलं?"

"ते अरब आहेत. त्यांच्यासारख्या नवऱ्यांना सरकार सांगतं, बायकोला तलाक द्या, नोकरी राहील, वर बक्षीस मिळेल. त्यांनी सही केली असं म्हणतात."

"म्हणतात म्हणजे?"

"मी पाहिली नाही."

मी थांबलो. म्हणजे या माणसानं बायको टाकली आणि तिचं कामही घेतलं, असं मी म्हणालो.

"तिचं नाव नकाशावर राहिलं असतं तर ही मशीद सरकारनं पायातच बुजवली असती," याकूबभाई म्हणाले. "तेही आहे."

"मग त्याला समजायचं काय?"

"मला विचारू नका, साहेब. मला माझ्या बायकोला मनीऑर्डर पाठवायची असते, तेवढं मला समजतं."

पुढचे कित्येक महिने मी हाझिमकडं बघत असे आणि माझं मत सकाळी एक असे, संध्याकाळी दुसरं. काचा बसल्या. फरशी झाली. थंडी सुरू झाल्यावर मी रजेवर निघायचं ठरलं. निघण्याच्या दोन दिवस आधी हाझिमनं मला कंपनीचा कॅमेरा घेऊन दुपारी मशिदीत यायला सांगितलं. युद्धामुळं शहरात फोटो काढायला बंदी होती, पण कामाची प्रगती दाखवायला कंपनीकडं परवाना होता.

आधी त्यानं बाहेरून काही फोटो घ्यायला लावले, मग आतून एकेक कमान. कुठं उभं राहायचं, कॅमेरा किती खाली धरायचा, ते तो सांगत होता. एवढ्या तपशिलात की तो स्वतःसाठी सांगत नाहीये, हे मला समजत होतं. एक रोल संपत आला तेव्हा मी त्याला म्हणालो, तुम्ही कमानीखाली उभे राहा, म्हणजे बघणाऱ्याला उंचीचा अंदाज येईल. तो नको म्हणाला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं काळा चष्मा काढला, कॉलरचं बटण लावलं आणि उभा राहिला.

दुसरा रोल आम्ही खास उजेडासाठी ठेवला होता. बरोबर माध्यान्हीला वरच्या काचांमधून ऊन खाली आलं आणि रिकाम्या फरशीवर एकामागे एक पट्टे पडले. मी पुष्कळ बांधकामं केली. तसं पुन्हा काही पाहिलं नाही.

"हे हिंदुस्थानात धुवून घ्या," हाझिम म्हणाला, "आणि तिथून पोस्टानं पाठवा."

त्यानं पत्ता लिहून दिला नाही. इराणमधलं कुम शहर, अमुक गल्ली, अमुक कापडवाल्याचं दुकान. माझ्याकडून तो पाढ्यांसारखा घोकून घेतला. पाकिटावर नाव काय घालू, मी विचारलं.

"नाव नको. दुकानदाराला कळेल."

मी मग धीर करून विचारलं, "मॅडमना आणखी काही सांगायचंय?"

इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा त्याच्यासमोर तिच्याबद्दल बोललो आणि त्यानं कोण मॅडम असं विचारलं नाही. तो फरशीवरच्या उन्हाकडं बघत राहिला.

"तिला दिसेल," तो म्हणाला.

बसऱ्याहून कुवेतपर्यंत बसनं जायचं आणि तिथून विमान. हद्दीवर सैनिकानं माझी बॅग उपसली, कॅमेरा घेतला, परवान्याकडं ढुंकूनही न बघता मागचं झाकण उघडलं आणि फिल्म ओढून उन्हात मोकळी केली. उजेडाचा रोल कॅमेऱ्यातच होता. पहिला रोल याकूबभाईंनी खजुराच्या डब्यात तळाला दाबून दिला होता. सैनिकानं डबा उघडला, वरचे चार खजूर खाल्ले आणि मला जायला सांगितलं.

मिरजेत मी तो रोल धुवून घेतला. बाहेरचे फोटो बरे आले होते. आतले अंधारे होते, कमानी जेमतेम ओळखू येत होत्या. एकच स्वच्छ आला होता, हाझिमचा. मी होते तेवढे सगळे पाठवले.

माझी रजा संपायच्या सुमाराला मिरजेच्या पत्त्यावर तिचं उत्तर आलं. इंग्रजीत, थोडक्यात. फोटो मिळाले. कमानी बरोबर आहेत. तो फार बारीक झालाय. आणि पुढं लिहिलं होतं की, हद्दीवर तिच्यामागून आलेल्या बायकांकडून तिनं ऐकलंय, हाझिमनं सही केली. तुम्ही तिथं असता, ते खरं आहे का तेवढं मला कळवा. मशिदीबद्दल याहून जास्त काही नव्हतं.

हाझिमलाच विचारायचं असं ठरवून मी परत गेलो.

हाझिम तिथं नव्हता. सरकारी इंजिनिअरांना फौजेत बोलावणं आलं होतं आणि त्याला आघाडीवर पूल बांधायच्या तुकडीत पाठवलं होतं. कालव्याकाठच्या घराला कुलूप होतं. म्हातारीला कुणी नातेवाईक घेऊन गेले होते. मशिदीचं उद्घाटन मी नसताना होऊन गेलं होतं. याकूबभाई मला बघायला घेऊन गेले. दाराच्या वर निळ्या फरशांमध्ये मोठी अरबी अक्षरं बसवली होती.

काय लिहिलंय, मी सहज विचारलं.

"जामिअ अल-विजदान. विजदान मशीद."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण याकूबभाई चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते.

"अरबीत विजदान म्हणजे माणसाच्या आतली खरी जाणीव, साहेब. आपण म्हणतो ना, मन खातं, ते. चांगला शब्द आहे. नाव हाझिमसाहेबांनी सुचवलं. देशाची सद्सद्विवेकबुद्धी, असं काही तरी त्यांनी त्या बड्या अधिकाऱ्याला सांगितलं. त्याला फार आवडलं. त्यानंच भाषण करून पडदा ओढला."

आत शिरल्यावर डाव्या हाताला संगमरवरी दगड होता. त्यावर आर्किटेक्ट म्हणून हाझिमचं नाव होतं. मी दारात गेलो, पुन्हा आत आलो, पुन्हा दारात गेलो.

पुढच्या खेपेला कुवेतला गेलो तेव्हा तिथून मी तिला लिहिलं. त्यानं सही केली की नाही ते मला माहीत नाही, दाराच्या वर मात्र असं असं लिहिलेलं आहे, आणि ते त्यानंच लिहवून घेतलंय. उत्तर आलं नाही. वर्षभरानं कळलं की हाझिमची तुकडी पाण्यावर पूल टाकत असताना तिथं गोळे पडले आणि त्याच्या तुकडीतलं कुणी सापडलं नाही. मी काम सोडून परत आलो.

त्यानंतर बसऱ्यानं काय काय सोसलं ते सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीवर त्या शहराचं नाव आलं की मी जवळ जाऊन बसत असे, पण मशीद कधी दिसली नाही.

दोन हजार चार साली माझ्या धाकट्या भावाचा मिरजेहून फोन आला. कुणी परदेशी बाई जुन्या पत्त्यावरून माग काढत तुला शोधतेय, असं तो म्हणाला. मी नंबर द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. आवाज खरखरीत झाला होता, पण "महदी?" म्हणताक्षणी मी ओळखला.

सरकार कोसळल्यावर हद्दीपार केलेले लोक परतत होते, त्यांच्याबरोबर तीही परतली होती. मशिदीत जाऊन आली होती. भिंतींना भोकं पडलीत, निम्म्याहून जास्त काचा गेल्यात, कमानी उभ्या आहेत, असं तिनं सांगितलं. तिथल्या रखवालदारानं, नवी बाई दिसते म्हणून, तिला सगळा इतिहास ऐकवला. ही मशीद शहीद हाझिम नावाच्या मोठ्या इंजिनिअरनं कल्पली आणि बांधली. देशाच्या सद्सद्विवेकबुद्धीवरून तिचं नाव ठेवलं.

"तुम्ही त्याला खरं काय ते सांगितलं नाही?"

"नाही."

"का?"



"हाझिमला कबर नाही," ती म्हणाली. "साऱ्या बसऱ्यात त्याचं नाव तेवढ्या एका दगडावर आहे."

मग मी तिला तो जुना प्रश्न विचारला. सहीचं पुढं कळलं का?

"कळलं. सासूबाई आहेत अजून. त्या म्हणाल्या, सही त्यानं केली. सकाळी सही केली आणि दुपारी कचेरीत बसून माझे सगळे नकाशे पुन्हा काढायला घेतले. दोन्ही त्याच दिवशी. त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं ते मला अजून ठरवता येत नाही, महदी. तुला येतं?"

मी नाही म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. पावसाळ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीच्या मधून पाणी गळतं, असं रखवालदारानं तिला दाखवलं होतं. तिथं छपराच्या पोटात काय घातलंय? डांबराचा थर किती दिला होता? काचेच्या कडेला जस्ताचा पत्रा वळवून घेतला होता की नुसतंच लुकण भरलं होतं?

मी डोळे मिटून आठवायला लागलो. पत्रा होता, मी म्हणालो. पण त्या वेळी तोफा चालू होत्या आणि त्या टोकाला तो पुरता वळवायचा राहिला असेल. मग तो आता कसा वळवून घ्यायचा, त्यावर आम्ही फार वेळ बोलत बसलो.